पोलाद शिकलेल्या शहराने आता हवामान शिकावे

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि दुर्गच्या शेजारी, धानाच्या शेतांच्या मुलखात, पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. मधल्या चार वर्षांत कारखान्याबरोबर माणसेही घडली. तरुण अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. आदल्या हंगामापर्यंत शेतात राबणारी माणसे भट्टीसमोर उभी राहायला, क्रेन चालवायला, मापे वाचायला शिकली. विदर्भ, आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब अशा सगळ्या बाजूंनी आलेली कुटुंबे एकाच सेक्टरमध्ये शेजारी झाली. मराठी माणसाला तर हा मुलूख परका नव्हताच. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडशी नाते होते, आणि गोंदिया-राजनांदगावच्या रेल्वेमार्गाने आलेली मराठी घरे बघता बघता इथलीच होऊन गेली.

सरकारने पैसा, वेळ आणि शिक्षक उभे केले, तर एका पिढीत अवघड विद्या सामान्य माणसाच्या हाती येते. भिलाई हा त्याचा जिवंत पुरावा आहे. म्हणूनच हवामान बदलाविषयीच्या लोकशिक्षणाचा आढावा या शहरातून घ्यावासा वाटतो. या विषयाची माहिती आज बऱ्यापैकी पसरली आहे, पण शिक्षण फारसे झालेले नाही. विषय आपल्या कामाशी, पाण्याशी, छपराशी जोडून समजला, त्यावर प्रश्न विचारायला जागा मिळाली, उत्तर देणे कोणाला तरी बंधनकारक असले आणि करण्याजोगे काम हाती आले, म्हणजे शिक्षण झाले असे म्हणता येईल. या कसोटीवर आपण कुठे उभे आहोत, ते पाहू.

भट्टीतला कार्बन

हवामान बदलाची कारणे सांगताना मोटारी, विमाने आणि वीजकेंद्रे यांची नावे चटकन घेतली जातात. पोलादाचे नाव मागे राहते. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी एकत्र घातली जाते. कोळशापासून केलेला कोक तिथे नुसती उष्णता देत नाही. त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, लोखंड मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइड हा या रसायनक्रियेचाच भाग आहे. कारखान्याला लागणारी सगळी वीज उद्या सूर्यापासून मिळाली, तरी भट्टीतला हा कार्बन उरतोच.

जगातल्या ऊर्जाक्षेत्राच्या कार्बन उत्सर्जनात पोलाद उद्योगाचा वाटा सुमारे ७ टक्के धरला जातो. भारतात तो देशाच्या एकूण उत्सर्जनाच्या १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. एक टन कच्च्या पोलादामागे भारतात सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. भारतीय सरासरीने हिशेब केला, तर वर्षाला ५० लाख टन पोलाद करणाऱ्या कोणत्याही कारखान्यामागे सव्वा कोटी टन कार्बन डायऑक्साइड येतो.

हे सांगण्यामागे कारखान्याला दोषी ठरवण्याचा हेतू नाही. देशाच्या रेल्वेचे रूळ वर्षानुवर्षे भिलाईतून गेले आहेत आणि रस्त्यावरची मालवाहतूक रुळांवर आली तर उत्सर्जन घटते. झोतभट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, शेजारच्या जामुलमध्ये सिमेंटात मिसळते, तेवढा चुनखडी भाजण्याचा खर्च आणि धूर वाचतो. एकाच शहरात हवामान बदलाचे कारणही आहे आणि उपायाचे सामानही आहे. ज्या मुलाचे वडील कोक ओव्हनवर काम करतात, त्याला कार्बनचे चक्र शिकवायला ध्रुवावरच्या अस्वलाचे चित्र कशाला हवे? त्याच्या घरातच त्या विषयाचा जाणकार बसलेला आहे.

ऊन, पाऊस आणि धान

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला देशाचा पहिला हवामान बदल अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे त्यात नोंदवले आहे. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होते.

छत्तीसगडला ऊन नवे नाही. मे महिन्याच्या शेवटी येणारा नवतपा इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाल्ली जाणारी बासी हे उन्हाशी जुळवून घेण्याचे जुने शहाणपण आहे. मात्र हे शहाणपण ज्या हवामानात तयार झाले, ते हवामान सरकत चालले आहे. रात्री गार होत नाहीत, उन्हाळा लांबतो, पावसाचे दिवस विस्कटतात आणि पडतो तेव्हा तो एकदम कोसळतो. धानाचे वाफे पावसावर अवलंबून, आणि पाण्यासाठी कारखानाही त्याच धरणांकडे पाहतो. तांदुला जलाशयाचे पाणी शेतालाही लागते आणि भिलाईलाही लागते. पाऊस बेभरवशाचा झाला की या दोघांत ओढाताण होणार, हे कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या बांधावर दिसणारा हा बदल आणि जगभर चाललेली घडामोड यांचा संबंध काय, हे मात्र त्याला फार थोड्यांनी सांगितले आहे.

येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत हेच दिसले. जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला अगदी थोडे माहीत आहे किंवा आपण ते कधी ऐकलेलेच नाही, असे ५४ टक्के लोकांनी सांगितले. तीच गोष्ट दोन वाक्यांत समजावून सांगितल्यावर मात्र ८४ टक्के लोक म्हणाले की हो, असे घडते आहे. अनुभव होता, त्याला जोडणारा धागा नव्हता. लोकशिक्षणाचे काम कुठून सुरू करायचे, ते या दोन आकड्यांतून कळते.

कागदावर काय आहे

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण गरीब नाही. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याची दिशा दाखवली. चित्रपटगृहांत संदेश दाखवावेत, आकाशवाणी आणि दूरदर्शनने कार्यक्रम करावेत, असेही त्यात होते. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार झाला. त्याच्या सहाव्या कलमात शिक्षण, प्रशिक्षण, जनजागृती, लोकसहभाग आणि माहिती मिळण्याची सोय या सगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत. २०१५ च्या पॅरिस कराराचे बारावे कलम त्यांचाच पुनरुच्चार करते.

देशाचा राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा ३० जून २००८ रोजी जाहीर झाला. त्यातल्या आठ अभियानांपैकी एक ज्ञानवृद्धीसाठी आहे. राज्यांनीही आपापले आराखडे केले, त्यांत छत्तीसगड आहे. २०२२ मध्ये 'मिशन लाइफ' आले आणि त्याने वैयक्तिक सवयींवर भर दिला. २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधी एम. के. रणजितसिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय एक पाऊल पुढे गेले. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क हा समतेच्या आणि जगण्याच्या हक्कात अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या कागदांची मांडणी बारकाईने पाहिली की एक उणीव दिसते. कर्तव्य आणि सवयी यांबद्दल आपण नागरिकाला भरपूर सांगतो. माहिती मिळवण्याचा आणि निर्णयात बोलण्याचा त्याचा हक्क मात्र हळू आवाजात सांगितला जातो. नळ बंद करा, दिवा मालवा, पिशवी कापडी वापरा. हे योग्यच आहे. पण आपल्या शहराचे उत्सर्जन किती, ते कोण मोजतो, कमी करण्याची मुदत काय, हे विचारायला आपण मुलांना शिकवत नाही.

वर्गातला हवामान बदल

१९९१ च्या निकालाला तीन दशके उलटली. पाठ्यपुस्तकांत पर्यावरण आले, पदवीच्या वर्गांना सक्तीचा अभ्यासक्रमही आला. बहुतेक ठिकाणी तो पाठांतराचा आणि प्रकल्पवहीचा विषय होऊन बसला. ओझोनचा थर आणि हरितगृह परिणाम यांची गल्लत करणारे पदवीधर आजही भेटतात.

याला उत्तर शोधायला लांब जायला नको. अविभाजित मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. सरकारी शाळांतली खेड्यातली मुले स्वतः प्रयोग करून, मोजून, वाद घालून विज्ञान शिकत. २००२ मध्ये तो बंद केला गेला, तरी तीस वर्षांत त्याने दाखवून दिलेली गोष्ट टिकून आहे. साध्या साधनांनी, साध्या शाळेत, खरे विज्ञान शिकता येते.

भिलाईच्या शाळांनी हवामान असेच शिकवावे. प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक आणि सावलीत टांगलेला एक तापमापक असावा. सेक्टरमधल्या झाडांच्या रस्त्यावर, खुर्सीपार वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत आणि बाजारातल्या डांबरावर एकाच दुपारी किती अंश असतात, हे मुलांनी मोजावे. आकड्यांचा नकाशा करून तो नगरसेवकाला द्यावा. ज्या शहरात नियोजित वसाहतीची रुंद, झाडांनी भरलेली जागा आणि तिच्या कडेची दाट वस्ती हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे ही मोजणी विज्ञानाबरोबर न्यायाचाही धडा देते. २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटी भिलाईचा परिसर आता दुर्गजवळच्या कुटेलाभाटात उभा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी अशा शंभर शाळांच्या नोंदी तपासून जुळवल्या, तर दोघांचेही शिक्षण होईल.

उन्हाचा इशारा आणि मितानिन

लोकशिक्षणाने माणसे वाचतात, याचे भारतातले सर्वांत ठळक उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. रंगांनुसार इशारे ठरले, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले, पाण्याच्या सोयी वाढल्या. एका रुग्णालयातला नवजात बालकांचा कक्ष तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली आणला गेला. या आराखड्यामुळे वर्षाला अकराशेहून अधिक मृत्यू टळले असावेत, असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. यासाठी लागलेला खर्च फार मोठा नव्हता. कोणी कोणाला केव्हा काय सांगायचे, हे आधी ठरलेले होते, हे त्याचे बळ.

उलट उदाहरण महाराष्ट्रातले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय तासन्‌तास उघड्यावर बसला आणि दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. तापमान चाळिशीच्या आतच होते. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि कमी अंशांवरही उष्माघात होतो, ही एक गोष्ट आयोजकांपासून उपस्थितांपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेली असती, तर कार्यक्रम संध्याकाळी झाला असता. हवामान शिक्षण नसल्याची किंमत अशी मोजावी लागते.

छत्तीसगडकडे या कामासाठी एक जाळे तयारच आहे. २००२ साली राज्याने मितानिन कार्यक्रम सुरू केला. पाड्यातल्या लोकांनी आपल्यातलीच एक बाई निवडायची, तिला आरोग्याचे प्रशिक्षण द्यायचे आणि तिने घरोघर जायचे, अशी ही रचना. देशभरातल्या आशा कार्यकर्त्या ज्या योजनेतून पुढे आल्या, तिला या अनुभवाचा मोठा आधार होता. आज राज्यात साठ हजारांहून अधिक मितानिन आहेत. नवतप्याच्या आधी पंधरा दिवस प्रत्येक मितानिनला उष्माघाताची लक्षणे, मीठ-साखर-पाण्याचे प्रमाण, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि गरोदर बायकांची यादी, आणि रुग्णाला आधी सावलीत नेऊन अंग ओले करण्याचा धडा दिला, तर हवामान बदलाचे सर्वांत उपयोगी शिक्षण त्या दारात पोचेल. त्यासाठी तिला वेगळा मोबदलाही द्यायला हवा. बाईच्या फुकट श्रमावर कोणतेच लोकशिक्षण फार काळ टिकत नाही.

कामगाराला काय सांगायचे

भिलाईत हवामानाचा विषय निघाला की एक धास्ती आधी येते. कार्बन कमी करायचा म्हणजे कारखाना बंद करायचा का? आमच्या पोराबाळांच्या नोकऱ्यांचे काय? ही धास्ती खरी आहे. तिला बगल देऊन केलेले शिक्षण इथे एक दिवसही टिकणार नाही.

जगाचा बाजार तर बदलतोच आहे. युरोपीय संघाने सीमेवरचा कार्बन कर आणला. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी माहिती द्यावी लागू लागली आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. भारताच्या पोलाद मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाचा आराखडा मांडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल, तर ते हरित, आणि १.६ टनांच्या खाली गेले तर पाच तारे. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या दाबावर वीज करणे, तापलेला कोक पाण्याऐवजी वायूने थंड करून उष्णता परत मिळवणे, भंगार जास्त वापरणे, पुढे हायड्रोजनकडे वळणे असे टप्पे त्यात येतात. यातला प्रत्येक टप्पा कामगाराच्या हातानेच पार पडणार आहे. म्हणून हा आराखडा दिल्लीच्या सभागृहाइतकाच शॉपफ्लोअरवर समजावला गेला पाहिजे, त्याच्या रोजच्या हिंदीत आणि छत्तीसगढीत.

जुने धंदे मावळतात तेव्हा काय होते, हे पाहायला दल्ली-राजहराला जावे. भिलाईच्या भट्ट्यांना दशकानुदशके खनिज पुरवणाऱ्या या खाणींचे साठे ओसरत गेले आणि नजर रावघाटच्या खनिजाकडे वळली. तिथल्याच खाण कामगारांमधून शंकर गुहा नियोगी यांची चळवळ उभी राहिली होती. यंत्रे आणायचीच तर हजारो हात रिकामे होणार नाहीत अशी आणा, हा त्यांच्या संघटनेचा अर्धयांत्रिकीकरणाचा आग्रह होता. कामगारांनी स्वतः उभारलेले शहीद रुग्णालय १९८३ साली सुरू झाले. संघर्ष आणि निर्माण एकत्र चालले पाहिजेत, ही त्या चळवळीची शिकवण होती. जंगल आणि पाणी हे कामगारांचेही प्रश्न आहेत, असे ती मानत असे. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींचा खून झाला. आज जगभर 'न्याय्य संक्रमण' म्हणून ज्याची चर्चा चालते, त्यातला मूळ प्रश्न दल्ली-राजहराच्या कामगारांनी चाळीस वर्षांपूर्वी विचारला होता. बदलाचा खर्च कोण सोसणार आणि बदल ठरवताना कामगाराला विचारणार कोण, हा तो प्रश्न. हवामान शिक्षणाच्या पुस्तकात छत्तीसगडचा हा धडा पहिल्या प्रकरणात हवा.

शहर, छप्पर आणि उकिरडा

दुर्ग, भिलाई, रिसाली आणि चरोदा अशा वेगवेगळ्या महापालिका इथे एकमेकींना खेटून आहेत. त्यांच्यामध्ये पोलाद कारखान्याची वसाहत आहे आणि तिची व्यवस्था कारखाना पाहतो. धूर, ऊन, नाला यांना या हद्दी कळत नाहीत. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांत भिलाईचे नाव आहे, पण संपूर्ण दुर्ग-भिलाई पट्ट्याचा एक हवामान आराखडा लोकांसमोर नाही. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत नक्त शून्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याची अंमलबजावणी कशी चालली आहे, यावर वाद घालता येतो. कागद लोकांसमोर आहे म्हणूनच तो वाद शक्य आहे.

छपरांची गोष्टही अशीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. पण कारखान्याच्या क्वार्टरचे छत रहिवाशाचे नसते आणि पत्र्याच्या झोपडीवर संच बसत नाही. त्यांना सौरऊर्जेचे महत्त्व सांगून काय साधणार? तिथे पुढचे पाऊल वसाहतीच्या इमारतींवर सामायिक संच बसवणे हे आहे आणि ते पाऊल व्यवस्थापनाने टाकायचे आहे. शेजारच्या राजनांदगावात शंभर मेगावॉटचा सौरप्रकल्प बॅटरीसह उभा राहिला आहे. दिवसाची वीज रात्री वापरता येते, हे दाखवायला शाळांच्या सहली तिथे न्याव्यात.

कृतीतून शिक्षण कसे होते, ते अंबिकापूरने दाखवले. तिथल्या बचतगटांच्या बायका घरोघर जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घेऊ लागल्या, त्याची पुढे पुन्हा निवड होऊ लागली आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग उभी राहिली. साठून कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवणारा वायू आहे. अंबिकापूरच्या गृहिणीला मिथेनचे नाव ठाऊक असो वा नसो, तो कमी करण्याचे काम ती रोज सकाळी करते. आता तिला नावही सांगावे, म्हणजे आपल्या कामाची किंमत तिला कळेल आणि ती शहराकडे जाब मागू शकेल.

जंगल, नदी आणि विचारण्याचा हक्क

शिवनाथ नदीचा साडेतेवीस किलोमीटरचा पट्टा १९९८ मध्ये दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राच्या पाण्यासाठी एका खासगी कंपनीच्या हवाली झाला. पिढ्यान्‌पिढ्या त्या पात्रावर जगलेल्या गावकऱ्यांना आणि मच्छीमारांना हे कळले ते आपली वाट अडल्यावर. करार रद्द करावा, अशी शिफारस पुढे विधानसभेच्या लोकलेखा समितीने केली. पाणी दुर्मीळ होत जाणाऱ्या काळात असे निर्णय वाढणार आहेत, आणि ते होण्याआधी कळणे हा हवामान शिक्षणाचाच भाग आहे.

हसदेव अरण्याच्या लोकांनी ते करून दाखवले. उत्तर छत्तीसगडच्या या जंगलाखाली कोळसा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथले आदिवासी सुमारे तीनशे किलोमीटर चालत रायपूरला आले. ग्रामसभेचे ठराव, वनहक्क कायदा, खाणींची कागदपत्रे असे सगळे त्यांनी अभ्यासले होते. २६ जुलै २०२२ रोजी विधानसभेने हसदेवमधले खाणपट्टे रद्द करण्याचा ठराव केला. चळवळीतले कार्यकर्ते आलोक शुक्ला यांना २०२४ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तरीही जंगलाच्या एका भागात खाणकाम आणि वृक्षतोड चालूच राहिली. लढा पूर्ण जिंकलेला नाही. पण कोळसा, जंगल, पाऊस आणि हवामान यांचा संबंध विद्यापीठातल्या कितीतरी पदवीधरांपेक्षा हसदेवच्या गावकऱ्याला अधिक नेमका कळला आहे, कारण त्याने तो गरजेपोटी शिकून घेतला.

२००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो सारांश कसा वाचायचा, आक्षेप कसा लिहायचा, माहितीचा अर्ज कसा करायचा, हे दहावीच्या नागरिकशास्त्रात शिकवले तर किती फरक पडेल!

आपल्या हाताशी असलेल्या परंपरा

मराठी समाजाला लोकशिक्षणाची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८९३ पासून लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवते आहे. अलीकडचे उदाहरण पानी फाउंडेशनचे. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत जलसंधारणाची स्पर्धा झाली. स्पर्धेआधी प्रत्येक गावातल्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण दिले गेले. माती, उतार, पाण्याचा प्रवाह समजल्यावर माणसे कुदळ घेऊन उतरली. सगळ्याच गावांचे पाणी टिकले असे नाही, कारण उपसा आणि पीकपद्धती हा पुढचा धडा बाकी होता. तरी शिकणे आणि करणे यांच्यात दिवसांचे अंतर ठेवायचे नाही, हा त्यातला विचार घेण्यासारखा आहे.

छत्तीसगडकडे महाभारत गाऊन सांगणारी पंडवानी आहे, नाचा हे लोकनाट्य आहे. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली आणि भिलाईच्या कारखान्यात नोकरीही केली. रात्रभर बसून महाभारत ऐकणारा हा श्रोता अवघड गोष्ट समजायला मुळीच कमी नाही. कमतरता सांगणाऱ्यांकडे आहे. भिलाईतल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, शेजारच्या छत्तीसगढी कलावंतांना बोलवावे, कारखान्यातल्या अभियंत्याला आणि वस्तीतल्या मितानिनला एकाच व्यासपीठावर बसवावे.

आता काय करावे

या साऱ्या आढाव्यातून मला पाच मागण्या दिसतात. दुर्ग-भिलाईच्या सगळ्या महापालिका आणि कारखाना यांनी मिळून शहराच्या उत्सर्जनाचा, उन्हाचा आणि पाण्याचा एक वार्षिक ताळेबंद हिंदी आणि छत्तीसगढीत प्रसिद्ध करावा आणि वॉर्डसभेत वाचून दाखवावा. मितानिनच्या हाती उष्णता आराखडा द्यावा, मोबदल्यासह. शाळांत मोजणी सुरू व्हावी आणि मोजणीचे आकडे प्रशासनाने वापरावेत, म्हणजे मुलांना कळेल की आपण खोटा खेळ खेळत नव्हतो. हरित पोलादाकडे जाण्याच्या प्रत्येक टप्प्यात कामगार संघटनांना, त्यांत कंत्राटी कामगारांनाही, बसायला जागा आणि शिकायला पगारी वेळ मिळावा. आणि जनसुनावणीला येणाऱ्या प्रत्येक माणसाला तिथले कागद वाचता यावेत इतकी तयारी आधीच व्हावी.

यातली एकही गोष्ट नव्या शोधाची वाट पाहत नाही. मितानिन आहेत, शाळा आहेत, आयआयटी आहे, कायदे आहेत, आणि पोलादाचे रसायन तळहातासारखे ओळखणारे हजारो कामगार आहेत. त्यांना एकत्र बांधणारा निर्णय नाही. तो निर्णय वरून येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. तो मागावा लागतो, आणि काय मागायचे हे ज्याला नेमके कळते त्याचीच मागणी ऐकली जाते. लोकांना हवामान शिकवण्याची निकड म्हणूनच आहे. पुढच्या दहा वर्षांत भट्ट्या, वीज, पाणी आणि शेती यांबद्दल जे ठरेल, त्याचे परिणाम आज पहिलीत असलेली मुले आयुष्यभर भोगतील. ते ठरवताना भिलाईचा सामान्य माणूस खोलीबाहेर उभा नसावा.